बिनझिलीची ओवी

"हिरा, येक तर बांगड्या काढ, न्हाईतर भायेर बस."

दत्ता हेडफोन कानांवर चढवत म्हणाला. हिरा जागची हलली नाही. डिंभ्याहून दोन एसट्या बदलून ती लोणीला आली होती, ती बापाच्या मागं झील धरायला.

"झिलीबिगार ओवी आसती व्हय, दादा? तात्यानं वळ म्हनायची, मागनं म्या तीच म्हनायची. तसंच तर तोंडात बसती."

"उद्या टेप ऐकून हजारदा म्हन. आज तात्याचा निव्वळ आवाज पायजे."

"मग मोबाईलवर तरी घेते."

"मोबाईल बंद कर आदी. त्याची घरघर वायरीत शिरती."

खाटेवर बसलेला यमाजी पोरीकडं बघत होता, पुतण्याकडं बघत होता. सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. मेंढरांच्या वाटेची ओवी आता त्याच्या एकट्याच्याच गळ्यात उरली होती. घाट कुठून उतरायचा, पाणी कुठल्या टाक्यावर पाजायचं, वाटेत कोण आजा-पणजा कुठं पडला, सगळं तिच्यात. लिहून घ्यायची सोय नव्हती. सूर लागल्याशिवाय त्याला पुढचा शब्द सुचतच नसे.

"भांडू नगा रं," यमाजी म्हणाला. "येकदा म्हनन्यापुरतंच बळ हाय."

हिरा उठली. "जाते, शेरडांत बसते. त्यांच्या गळ्यात घंट्या हायेत बरं का. त्यास्नी बी गावाभायेर काढायचं आसंल तर आत्ताच सांग."

"जरा लांबच बांध," दत्ता म्हणाला. त्याला टोमणा कळलाच नाही.

दार लावलं. फटीत गोधड्या कोंबल्या.

निव्वळ आवाजाचं हे खूळ मशीनबरोबरच घरात आलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला तीन हेडचा डेक. एक हेड पुसणार, दुसरं भरणार, तिसरं भरलेलं लगेच वाजवून दाखवणार. दत्तानं त्याचे पट्टे बदलले, हेडं स्पिरिटनं पुसली, त्यांच्यात साठलेलं चुंबकत्व उतरवलं. भरणारं हेड केसभर तिरकं बसलं तरी आवाज मंद होतो, म्हणून त्याचा स्क्रू तो रोज पिळायचा. काल डेक झकास वाजला होता. तरी आज सकाळी त्यानं झाकण उघडून स्क्रू पुन्हा एकदा पिळलाच. एवढी निगा त्यानं घरातल्या माणसाची कधी ठेवली नव्हती. चुलता वर्षभर खोकत होता. त्या खोकल्यात काय आहे ते दत्ताला ऐकू आलं नव्हतं.

यमाजीनं कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

डेकवर एक खटका होता. 'टेप'कडं केला की टेपवर उतरलेला आवाज कानात येई, पण जरासा मागून. समोर ओठ हलून जायचे आणि शब्द नंतर यायचा. दत्ताला ते खपेना. म्हणून आज त्यानं खटका आधीच 'सोर्स'कडं करून ठेवला होता. आता माइकमधला आवाज थेट कानात. काय आवाज होता! श्वास मोकळा, घशातली चीर सुद्धा स्वच्छ. आणि खरखर? नावाला नाही. आवाजाची पातळी दाखवणारे काटे झुलत होते, कॅसेटची चाकं फिरत होती. दत्ताची नजर काट्यांवर खिळली होती.

यमाजी प्रत्येक ओळीनंतर थांबायचा. मागून झील येईल म्हणून जन्मभर थांबायची सवय. कोणी उचलत नाही म्हटल्यावर गिळायचा आणि पुढं जायचा. शेवटी शेवटी आवाज फाटला, पण त्यानं ओवी तडीला नेली.

"आलं का समदं?" त्यानं विचारलं. आवाज संपला होता, नुसती हवा येत होती.

"समदं, तात्या! कनभर खरखर न्हाई. ये गं हिरा, आता किती बी किनकिन कर."

हिरा आत येऊन बापाच्या पायाशी बसली. दत्तानं टेप मागं घेतली आणि बटण दाबलं.

खरखर.

"आसंल पुढं," हिरा म्हणाली.

पुढंही खरखर. शेवटापर्यंत तेच.

दत्तानं झाकण उघडलं. भरणाऱ्या हेडची बारीक तार सुटून लोंबत होती, सकाळी स्क्रूड्रायव्हर गेला होता तिथंच. काटे झुलले ते माइकच्या आवाजावर. कानात आला तोही माइकचाच. टेपपर्यंत काही पोचलंच नव्हतं, म्हणून तर कानात खरखर नव्हती.

हिराला समजायला वेळ लागला नाही. "तात्या, पुन्यांदा..." ती म्हणाली. यमाजीनं तोंड उघडलं, मान ताणली. हवा आली. सूर आला नाही, म्हणून ओवीचा शब्दही आला नाही.

तो रागावला नाही. त्यानं दत्ताच्या हातावर हात ठेवला.

"मशीन जाऊंदे, ल्येका," तो फुसफुसला. "तू तर म्होरंच बसलावतास. पयली वळ म्हन. हिरी झील धरंल, मंग मला सुचंल पुढचं."

हिरा सावरून बसली. दत्तानं तोंड उघडलं. आवाजातले स, श कानाला टोचत नव्हते, ते त्याला आठवलं. श्वास माइकवर आपटत नव्हता, तेही. पहिल्या ओळीत कुठलं गाव होतं? कुठल्या देवाचं नाव? एक शब्द तरी?

त्याची मान खाली गेली.

 यमाजीनं त्याच्या हातावरचा हात काढून घेतला.

"म्हंजी मी हितं येकटाच व्हतो व्हय, दत्ता?"