घरातून आलेला आजार

क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं होती. जंतू हाताळायच्या बंदिस्त कॅबिनेटचा फिल्टर खराब झालाय, असं तिने तीनदा लेखी कळवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी तिलाच क्षय झाला.

"इथून नाही, घरातून आला असेल," साहेब म्हणाले. "सासूबाईंना तपासून घ्या."

सासूबाई तपासणी करून आल्या. ठणठणीत निघाल्या.

रजेवरून परतताच तिने स्वतःच्या थुंकीच्या साठवलेल्या नमुन्यातल्या जंतूंची जनुकं तपासली. त्याच कॅबिनेटमध्ये हाताळलेल्या जंतूंच्या जनुकांशी ती तंतोतंत जुळली. अहवाल तिने साहेबांच्या टेबलावर आपटला.

संध्याकाळी तिच्या हातात मेमो पडला.

"विनापरवानगी स्वतःचा नमुना तपासल्याबद्दल खुलासा करावा."