टाकीतला चंद्रोदय

मंगळावरच्या वस्तीत, कुबलांच्या घरी, चंद्र काचेच्या एका टाकीत उगवायचा. टाकीत पाच लिटर खारं पाणी, मालवणहून आणलेला जिवंत प्रवाळाचा बोटभर तुकडा आणि वर मालवणच्या वेळेने चालणारा दिवा. दिवसा ऊन, रात्री चांदणं मिळाल्याशिवाय प्रवाळ नीट वाढत नाही, म्हणून सुनेने, निधीने, तो बसवला होता. सासूबाई, शालनताई, त्याच चांदण्यावर संकष्टीचा उपास सोडायच्या.

मंगळाचा दिवस जरा मोठा, त्यामुळे मालवणची वेळ इथे रोज सरकायची. आजच्या संकष्टीचा चंद्रोदय इथल्या उद्या सकाळी होता. शालनताई नुकत्याच आजारातून उठलेल्या. संध्याकाळीच त्या उपासाने भिंतीला धरून चालायला लागल्या. निधीने गुपचूप दिव्याचं घड्याळ काही तास पुढे सरकवलं.

"आई, चंद्र उगवला."

शालनताईंनी टाकीला अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि दोघी जेवायला बसल्या. निधीने मोदक भराभरा संपवले.

हात धुऊन शालनताई टाकीपाशी वाकल्या. "चंद्र उगवला की हे प्रवाळ आपले इवले हात बाहेर काढून खायला मागतं. आज मुठी मिटून बसलंय."

निधीची मान खाली गेली. "कधी कळलं तुम्हाला?"

"हात जोडतानाच. पण मी जेवल्याशिवाय तू कुठे घास घेतेस?" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आता वेळ होती तशी कर. त्याचा उपास सुटायचाय अजून."