काना-मात्रा वहिनी

सूचना तपासली होती त्यानंच. ‘शनिवारी चार वाजता आपल्याच ऑफिसात गाणं. गायीका : काना-मात्रा वहिनी.’ ‘गायीका’तली दीर्घ वेलांटी त्यानं ऱ्हस्व केली, कोपऱ्यात सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. मुद्रितशोधक माणूस अक्षरं बघतो, मजकूर नाही. म्हणून शनिवारी चार वाजता स्वतःची बायको दारात दिसली तेव्हा त्याला वाटलं, घराची किल्ली विसरली असेल.

काना-मात्रा हे त्याला ऑफिसनं बहाल केलेलं नाव. छापलेल्या पुस्तकात एक अनुस्वार निसटलेला सापडला, तर ह्याला दोन दिवस घास गोड लागायचा नाही.

“तू इथं कशी?”

“म्हणजे काय? सूचना तपासलीत ना तुम्ही?” ती गोंधळली. “बाइंडिंगच्या ताई म्हणाल्या, ह्यांनी वाचली आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, चालतंय तुम्हाला.”

“हो, हो. तपासली ना,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

टेबलं भिंतीला लावून झाली होती. वीसेक माणसं, कुणी खुर्चीवर, कुणी कागदाच्या रिमांवर टेकलेली. माइक नाही, वाद्य नाही. छपाईच्या मशीनवरचे मामा तेवढे पुठ्ठ्याचं रिकामं खोकं मांडीवर घेऊन ठेका धरायला बसले होते. ती संपादकांच्या टेबलापाशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि सुरू झाली.

गाणं त्याच्या ओळखीचंच होतं. आवाज मात्र नव्हता. तो बेताबेतानं वर चढत गेला आणि खोली भरून गेला. ताईंच्या हातातला कप तसाच राहिला. काना-मात्रा आधी दचकला, मग इकडेतिकडे बघू लागला, की इतरांनाही हे ऐकू येतंय ना.

तेवढ्यात शेजारच्या चित्रकारानं खुर्ची ओढली. कर्रर्र! ह्याच्या मस्तकात तिडीक गेली. हिचं गाणं चाललंय आणि ह्याला आत्ताच खुर्ची सुचतेय? त्यानं डावा तळहात हवेत दोनदा खाली दाबला. हळू.

आणि तिचा आवाज पडला. एकदम, भर ओळीत.

लोकांना वाटलं, गाण्यातच तसं असेल. मामांनी तर ठेकाही हळू केला. फक्त ह्याला कळलं. घरी रोज प्रुफं घेऊन बसला, की कागदावरची नजर न काढता तो हाच हात असाच हलवायचा. ओट्याशी गाणारी ती तिथल्या तिथे गुणगुणण्यावर यायची. बावीस वर्षं! आज तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं नीट. हात हलला, आवाज खाली. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की कान तापले.

तो उभा राहिला. भर मैफलीत.

“अगं, तुला नव्हतं म्हटलं!”

गाणं थांबलं. सगळे त्याच्याकडे वळले.

“ह्या खुर्चीला म्हटलं मी. तुला नाही.” आता तोंड उघडलंच होतं. “तू गा. चांगलं मोठ्यानं गा. इतकी वर्षं मीच… मला काय ठाऊक, तुझा आवाज एवढा आहे म्हणून!”

“वेलांटीवाल्याला दीर्घ हवंय, वहिनी!” मामा ओरडले. हशा पिकला. तीही हसली. डोळे पुसले आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

आता तिनं काही राखून ठेवलं नाही. तो खाली बसलाच नाही. छाती पुढे काढून, जसं काही गाणं त्यानंच रचलंय अशा थाटात उभा होता. चित्रकार पुटपुटला, “काय हो, कधी बोलला नाहीत!” त्यावर त्यानं ठेक्यावर मान डोलावली.

दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा कारकून आत डोकावला. “अहो, जरा आवाज कमी करा ना. साहेबांच्या कामात व्यत्यय येतोय.”

संपादक चुळबुळले. ते उठायच्या आत काना-मात्रा दारापाशी पोचला होता.

“नाही होणार कमी.”

“अहो, पण पार वरपर्यंत ऐकू येतंय!”

“येतंय ना? मग साहेबांना म्हणावं, काम ठेवा आणि खाली या. जागा करतो आम्ही.”

कारकुनानं त्याच्या खांद्यावरून आत मान लांबवली. “गातंय तरी कोण एवढं?”

“बायको गातेय माझी!”

आयुष्यात कधी नव्हे ते तो इतक्या मोठ्यानं बोलला, की आत ताईंनी तोंडाला पदर लावला. तिलाही गाता गाता हसू फुटलं. पण आवाज काही खाली आला नाही.