चार दिवसांचे पीठ

पौषात ऑपरेशनसाठी निघताना पत्नीने बाजरीच्या पिठाचा डबा सोपानरावांपुढे ठेवला. “चार दिवसांचंच दळलंय. शिळं पीठ कडवटतं. तोवर मी येतेच.”

दुसऱ्याच दिवशी मुलाचा फोन आला: आईला ताप आलाय, इस्पितळातला मुक्काम वाढेल. तेव्हापासून सोपानराव दोनऐवजी एकच भाकरी थापू लागले. गिरणी दारासमोर होती. तरी ते तेच पीठ पुरवून खात राहिले. पाचव्या दिवशी भाकरी मेथीच्या भाजीहून कडू लागली.

सातव्या दिवशी परतलेल्या पत्नीने ते पीठ जिभेला लावले. “हे खात होतात? गिरणी काय गाव सोडून गेली होती?”

“नवं दळलं असतं, तर तू येत नाहीस असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं.”

बाजरी भरून तिने डबा त्यांच्या हाती दिला. “चार दिवसांचंच आणा. पाचव्या दिवशी मी आहेच.”