शिंपी पक्ष्याची गाठ

"मास्तर, तुमचा फोटो मुखपृष्ठावर घेतोय," संपादक मॅडम फोनवर म्हणाल्या आणि मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हातात ब्लाउजची बाही होती, म्हणून त्यांनी मोबाइल शिलाई मशीनवर ठेवून स्पीकर लावला होता. बाही खाली ठेवता आली असती. पण कोपऱ्यात हूक लावत बसलेल्या बायकोच्या कानावर हे जायलाच हवं होतं.

निसर्गावरच्या त्या मासिकाला लेख आणि फोटो धाडल्यापासून मास्तर गल्लीभर मिरवत होते. मापं द्यायला येणाऱ्या एकाही बाईची त्या बातमीतून सुटका नव्हती. दुकानामागच्या अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं होतं, आणि शिंप्यावर शिंप्यानेच लिहावं हे मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बायकोने काढल्या होत्या. 'आणि पिल्लं भुर्रकन उडून गेली' हे शेवटचं वाक्य तर तिने दोनदा वाचलं होतं.

"सगळ्यात काय आवडलं सांगू?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही घरट्याला हात लावला नाहीत. नाहीतर फोटोसाठी लोक पानं काय छाटतात, फांद्या काय वाकवतात! तसले फोटो आम्ही छापत नाही."

"हो ना. जपायला लागतं," मास्तर म्हणाले. सुई बोटात घुसली.

"आणि तो हिरवा दोरा?"

"आमच्याच चिंध्यांतला उचलला असेल," मास्तरांनी वेळ मारून नेली.

"वाटलंच मला! पण खरी गंमत पुढे आहे. हा पक्षी गाठ मारत नाही, दोऱ्याचं टोक पिंजून पानाच्या भोकात अडकवतो, असं आम्ही आजवर वाचत आलोय. तुमच्या पक्ष्याने चक्क गाठ मारलीय, मास्तर! फोटो मोठा करून बघितला मी. शेवटचा टाका मागे वळवलाय आणि गाठ पानाच्या घडीत सरकवलीय. त्यावर वेगळी चौकट टाकतेय. वाचकांना नवीन माहिती! आणि पिल्लं सुखरूप उडाली, हे वाचून फार बरं वाटलं. ठेवते."

बायकोचा हात हुकावरच थांबला. शेवटचा टाका मागे वळवायचा, गाठ घडीत सरकवायची, हे तिला लग्नानंतर याच दुकानात मास्तरांनी शिकवलं होतं. ती हातातलं काम बाजूला ठेवून मागच्या दाराने बाहेर गेली.

मास्तर कानकोंडे होऊन बसून राहिले. बायको बाजारात गेली होती ती दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे आली. अंडी दिसावीत म्हणून त्यांनी पानांचे चार टाके उसवले होते, फक्त मिनिटभरासाठी. पक्षीण कुंपणावर बसून जिवाच्या आकांताने ओरडत होती. फोटो हलला तो हललाच. मग घाईघाईने हिरवा दोरा ओवून त्यांनी पानं होती तशी शिवून टाकली, आणि शिवण इतकी बेमालूम बसली की तिचाही एक फोटो काढायचा मोह त्यांना आवरला नाही. पक्षीण मात्र त्यानंतर परतली नाही.

बायको आत आली. वाळलेलं ते घरटं तिने कापडं कापायच्या टेबलावर ठेवलं. आत इवलीशी अंडी होती, थंडगार.

"उडाली म्हणालात," ती म्हणाली.

मास्तरांना भुईने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं कापड चोरलं नव्हतं, कुणाचा ब्लाउज बिघडवला तर पदरचं कापड घालून दुसरा शिवून दिला होता. आज मात्र त्यांना बायकोकडे मान वर करून बघवेना.

"फोन लावा."

"अगं, सगळ्यांना सांगून बसलोय मी. आता कुठल्या तोंडाने..."

तिने मशीनचा खण उघडून टाके उसवायचं ब्लेड काढलं. शिवण चुकली की ती ते असंच, न बोलता, त्यांच्यापुढे ठेवायची. आज तिने ते मोबाइलशेजारी ठेवलं.

मास्तरांनी फोन लावला.

"मॅडम, ती गाठ... पक्ष्याची नाही. ती गाठ माझी आहे."

पलीकडे मॅडम खळखळून हसल्या. "वा, मास्तर! दोरा तुमच्या दुकानातला, मग गाठही तुमचीच म्हणायची! काय सुंदर वाक्य आहे. फोटोखाली हेच छापते." आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांच्या जिवात जीव आला होता, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

"सांगितलं की मी," ते टेबलावरच्या घरट्याकडे न बघता पुटपुटले. "त्यांना नाही कळलं, त्याला मी काय करू?"

बायकोने पुन्हा सुई हातात घेतली. ब्लेड मात्र तिथून उचललं नाही.

"अर्धीच उसवलीत," ती म्हणाली.