लिफ्टमधला आवाज

"मास्तर, कोड तोच, रेकॉर्डिंगही जागच्या जागी. मग काकूंचा आवाज गेला कुठं?" पोरगी स्क्रीनपासून मागे सरकली.

लिफ्टच्या कारखान्यात मास्तरांचं टेबल आता तिला मिळालं होतं. मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यांचा जुना कॉम्प्युटर गेल्या महिन्यात भंगारात गेला, नव्यावर लिफ्टचा प्रोग्रॅम पुन्हा तयार होऊन बसवला गेला, आणि मास्तरांच्या इमारतीतली लिफ्ट भलत्याच बाईच्या आवाजात मजले सांगू लागली.

"काकूंचं कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "यायला जमलं नाही."

"असू दे गं."

मास्तर आपल्या जुन्या खुर्चीत टेकले. इथंच, पंखा बंद करून, घामाघूम होत बायकोनं बारा मजले म्हटले होते. सातव्याला तिला हसू फुटलं. "थांबा, पुन्हा म्हणते," म्हणाली. मास्तरांनी तेच ठेवलं. अंगाईला लागावा तसा मऊ आवाज.

"ही अट दिसते?" त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "कॉम्प्युटरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, हे नाव असेल, तरच तिचा आवाज प्रोग्रॅममध्ये जातो. नाहीतर विकतचा."

"आणि ते नाव होतं कुठं?"

"माझ्या कॉम्प्युटरवर. दुसरीकडे कुठंच लिहिलं नाही. म्हटलं, मी कुठं जातोय!"

"धन्य आहात!" पोरगी हसली. "रेकॉर्डिंगची कॉपी देऊ? घरी निवांत ऐका."

"घरी नको," मास्तर पटकन म्हणाले. "लिफ्टमध्येच हवा."

पोरगी घुटमळली. "साहेबांना कळलं तर माझी काही खैर नाही." मग तिनंच कीबोर्ड पुढे सरकवला. "तुमच्या इमारतीपुरताच हं."

मास्तरांनी एक ओळ टाइप केली. एकही अक्षर चुकलं नाही. प्रोग्रॅम तयार झाला.

संध्याकाळी कारखान्याचा माणूस येऊन तो लिफ्टमध्ये घालून गेला.

मास्तरांनी घराचं दार ढकललं. "चल गं, जरा खाली जाऊन येऊ."

महिनाभर उंबरा न ओलांडलेली बायको गळ्यावरच्या व्रणाभोवती रुमाल गुंडाळत लिफ्टपाशी आली. दार सरकलं. "चौथा मजला," लिफ्ट म्हणाली, आणि त्या शब्दांबरोबर बायकोचे ओठ हलले, नुसतेच, आवाजाविना.