बोटांखाली

मांडीच्या धमनीतून नळी घालून अनसूयाबाईंच्या हृदयात नवी झडप बसवली होती. तासाभरात जखम दाबून धरणारं यंत्र बंद पडलं आणि रक्त वाहू लागलं. नर्स हेमांगी नुसती बघत राहिली. अकरा वर्षांच्या नोकरीत तिने एकाही रुग्णाला हात लावला नव्हता; ते काम यंत्रांचं.

“अगं, दाब ना!” अनसूयाबाई ओरडल्या. त्या जुन्या काळच्या नर्स. “बोटांनी दाब! जखमेच्या जरा वर!”

हेमांगीने अंगातला सगळा जोर लावला. चादर भिजतच होती.

“थांबत नाही हो, आजी!”

“सोडू नकोस,” एवढं पुटपुटून बाईंनी डोळे मिटले.

हेमांगी हाका मारत राहिली. मग तिच्या बोटांखाली काहीतरी हलकंसं उडालं, पुन्हा उडालं. नाडी तिने आजवर फक्त पडद्यावर पाहिली होती. ती हमसून रडू लागली, पण हात तिने सोडला नाही.